मुलाच्या ताब्यात, अकरा चाळीस

विमानतळावर त्याला खऱ्या नावानं हाक मारणारं कुणी नव्हतं. पासवर नाव होतं, पगाराच्या चिठ्ठीवर होतं, पण माणसांच्या तोंडी तो ‘सावकाश’. म्हाताऱ्या प्रवाशाला चाकांच्या खुर्चीत बसवताना तो हमखास म्हणायचा, “सावकाश, सावकाश. विमान उतरलंय, आता कसली घाई?” दिवसातून दहादा हेच ऐकून बाकीच्या खुर्चीवाल्यांनी त्याचं नावच तसं पाडलं. पुढे मुकादमही हजेरी घेताना विचारायचा, “सावकाश वेळेवर आला का?” आणि सगळे हसायचे. तोही हसायचा.

त्याआधी बावीस वर्षं त्यानं एका गोदामात कपाटं आणि पलंग उचलले होते. अडतिसाव्या वर्षी कंबरेनं हात टेकले. डॉक्टर म्हणाला, यापुढे वजन उचलायचं नाही. “ढकललं तर चालेल?” त्यानं विचारलं. डॉक्टरला तो विनोद वाटला, पण त्याला मेव्हण्यानं खुर्चीच्या कामाबद्दल सांगून ठेवलं होतं.

काम दिसायला सोपं होतं, पण त्याच्या खुब्या होत्या. उतारावर खुर्ची उलटी न्यायची, म्हणजे माणूस पुढे घसरत नाही. माणसाला उठवण्याआधी पाय ठेवायची पट्टी वर करायची, नाहीतर तो पट्टीवरच उभा राहतो आणि खुर्चीसकट तोंडावर पडतो. लिफ्टच्या फटीवरून पुढची चाकं अंगठ्याएवढी उचलायची, बसलेल्याला कळतासुद्धा कामा नये. आणि एक गोष्ट त्याला कुणी शिकवली नव्हती. पासपोर्टच्या रांगेकडे वळायच्या आधी उजव्या हाताला स्वच्छतागृह होतं. तिथे तो खुर्ची थांबवून हळूच विचारायचा, “आजी, पुढे रांग लांब आहे. इथे जाऊन यायचं का?” बाई असली की साफसफाईच्या ताईला हाक मारायचा. म्हातारी माणसं स्वतःहून सांगत नाहीत, लाजतात, हे त्याला पहिल्याच महिन्यात कळलं होतं. आठ वर्षांत त्याच्याविरुद्ध एकही तक्रार नव्हती. घरी बायकोला आणि कॉलेजात जाणाऱ्या मुलीला तो हे अधूनमधून ऐकवायचा.

पण या नोकरीची दोरी कंपनीच्या हातात नव्हती. आत शिरायचा पास दरवर्षी नवा व्हायचा आणि त्यावर पासपोर्ट तपासणाऱ्या कचेरीची सही लागायची. सही अडली की नोकरी अडली. म्हणून खुर्चीवाले त्या कचेरीतल्या सगळ्यांना वाकून असायचे. पाण्यात राहून माशाशी वैर कोण धरणार? साहेबांची नावं घ्यायची पद्धत नव्हती, काउंटरचे नंबर होते. दोन नंबरच्या बाई, सात नंबरचे साहेब, असं चालायचं.

पाच नंबरचे साहेब तसे दिलदार म्हणून ओळखले जायचे. सावकाशच्या मुलीची परीक्षा कशी झाली, हे ते आठवणीनं विचारायचे. मात्र प्रवासी उलटून बोलला की त्यांचं डोकं फिरायचं. नावाची पट्टी ते कोटाच्या आत ठेवायचे. कुणी नाव विचारलं की शांतपणे म्हणायचे, “मशीन बंद पडलंय. बाजूला व्हा.” मग तो माणूस आतल्या खोलीत जायचा आणि ते मशीन दोन-तीन तास काही सुरू व्हायचं नाही. शेजारच्या काउंटरवर तसंच मशीन खटाखट शिक्के मारत असायचं. सावकाशनं हे दहा-बारा वेळा पाहिलं होतं. प्रवाशाचं आणि साहेबांचं भांडण, आपण मध्ये कोण, आपण खुर्ची, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली होती.

त्या दिवशी सकाळचं विमान पाऊण तास उशिरा आलं. सहा खुर्च्या लागणार होत्या आणि माणसं चारच होती. सावकाशच्या वाट्याला एक आजी आल्या, पंचाहत्तरीच्या पुढच्या, बारीक अंगाच्या, गुडघ्यांतून पार गेलेल्या. बरोबर चाळिशीचा मुलगा होता. या शहरात आजींची धाकटी लेक राहायची, तिला आठवा महिना होता. तिच्याजवळ तीन महिने राहायला दोघं परदेशातून आली होती. हे सगळं आजींनीच खुर्चीत बसल्या बसल्या सांगितलं. मोठ्यानं बोलायच्या, कारण त्यांना स्वतःला कमी ऐकू यायचं.

“तुला मुलं किती?” त्यांनी विचारलं.

“एक मुलगी, आजी.”

“किती?”

“एक!” तो कानाशी वाकून म्हणाला.

“एक पुरे,” आजी म्हणाल्या. “मला चार आहेत, चौघं चार देशांत. मी काय, टपालासारखी फिरते.”

तो हसला. उजव्या हाताचं स्वच्छतागृह आलं आणि मागे गेलं. मुकादम लांबून दोन बोटं नाचवून दाखवत होता, दोन खुर्च्या अजून खोळंबल्या आहेत म्हणून. त्या दिवशी त्यानं विचारलं नाही.

रांग पाच नंबरची मिळाली. साहेबांनी दोन्ही पासपोर्ट घेतले, पानं उलटली आणि वर न बघता आजींना विचारलं, “किती दिवस राहणार?” आजी छताकडे बघत होत्या. साहेबांनी पुन्हा विचारलं. मग म्हणाले, “तोंड शिवलंय का?”

“साहेब, तिला कमी ऐकू येतं,” मुलगा म्हणाला. “तीन महिने राहणार आहोत, फॉर्मवर लिहिलंय. जरा नीट बोला.”

“मला बोलायला शिकवतोस?”

“शिकवत नाही. ती माझी आई आहे, एवढंच म्हणतोय.” मुलाचा आवाज चढला नव्हता. नंतर कितीतरी वेळा सावकाशनं तो प्रसंग आठवून पाहिला. आवाज चढला नव्हता, हे नक्की. “तुमचं नाव काय?” मुलानं विचारलं.

साहेबांनी दोन्ही पासपोर्ट खणात टाकले. “मशीन बंद पडलंय,” ते म्हणाले.

अकरा वीसला मुलाला आतल्या खोलीत नेलं. त्याच्या खांद्याला आजींची पर्स होती, चष्मा त्यातच होता. खोलीचं दार लागलं. खोलीबाहेरच्या बोळात खुर्चीवर आजी आणि मागे सावकाश. बोळात बसायला बाकडं नव्हतं, पाण्याचं मशीनही नव्हतं. वीस मिनिटांनी साहेब बाहेर आले.

“तू अजून इथेच?”

“साहेब, आजींना एकटं सोडता येत नाही. नियम आहे. पावतीवर कुणाच्या तरी ताब्यात दिल्याची नोंद लागते, तोवर मला दुसरा प्रवासी घेता येत नाही.” त्यानं पावती पुढे केली. “आपली सही मिळाली तर...”

“मी कशाला सही करू? मी काय तिला अटक केलीय?” साहेब हसले. “तिचा मुलगा आतच आहे ना, दहा पावलांवर? मग लिही, मुलाच्या ताब्यात दिली. खुर्चीला ब्रेक लाव आणि जा. तुझी माणसं तिकडे बोंबलतायत.” जाता जाता त्यांनी विचारलं, “पास पुढच्या महिन्यात संपतोय ना तुझा?”

धमकी म्हणावी तर धमकी नव्हती, चौकशी म्हणावी तर चौकशीही नव्हती. सावकाशनं गुडघ्यावर पावती ठेवून लिहिलं: मुलाच्या ताब्यात, अकरा चाळीस. प्रवाशाच्या सहीची जागा मोकळी होती. त्यानं पेन आजींच्या हातात दिलं.

“काय लिहिलंय रे? माझा चष्मा त्याच्याकडे राहिला.”

“काही नाही, आजी,” तो कानाशी म्हणाला. “मी तुम्हाला नीट आणून सोडलं, एवढंच.”

“ते तर खरंच आहे,” म्हणत आजींनी एकेक अक्षर जोडत सही केली. सहीला बराच वेळ लागला. तेवढ्या वेळात त्याला पावती काढून घेता आली असती.

“आलोच मी दहा मिनिटांत,” तो म्हणाला आणि दोन्ही चाकांचे ब्रेक लावले.

त्यानं आणखी चार प्रवासी नेले. एक वाजता त्याला बोळाकडे जाता आलं असतं, जेवणाची सुट्टी होती. दोन वाजता पाळी संपली. कपडे बदलायच्या खोलीकडे जायचा रोजचा रस्ता त्याच बोळावरून होता. त्या दिवशी तो मागच्या जिन्यानं गेला. अठ्ठेचाळीस पायऱ्या, दुखऱ्या कंबरेनं. एव्हाना सुटले असतील, असं तो स्वतःला सांगत होता. सुटले असतील अशी खात्री असती तर जिना चढायची गरज नव्हती, हे त्याला प्रत्येक पायरीला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साफसफाईच्या ताईनं त्याला नळापाशी गाठलं. ती बोलायला तिखट, पण त्या दिवशी तिचा आवाज अगदी खाली होता.

“काल बोळात एक आजी होत्या. तुझ्या खुर्चीत.”

त्यानं नळाखाली हात धरले.

“पावणेपाचला मी तिकडे पुसायला गेले. ब्रेक लावलेला, त्यांना काढता येत नव्हता. उठायचा प्रयत्न केला असावा, एक चप्पल लांब पडली होती. खुर्ची भिजली होती. साडी, खालची फरशी, सगळंच. मला बघून म्हणाल्या, पोरी, माफ कर, तुझं काम वाढवलं.” ताईनं बादली खाली ठेवली. “मी पुसलं, त्यांना स्वच्छतागृहात नेलं, माझी साडी दिली. आणि मला म्हणतात कशा, त्या खुर्चीवाल्या मुलाला सांगू नकोस हं, त्याला वाईट वाटेल.”

“त्यांच्या मुलाला कधी सोडलं?”

“पाचला. साहेबांची पाळी संपली तेव्हा. शिक्के मारले आणि जा म्हणाले. काही सापडायचं नव्हतंच.”

“मला वाटलं...” तो म्हणाला.

“हो, वाटलं असेल,” ताई म्हणाली आणि बादली उचलून गेली. त्यानंतर ती त्याच्याशी कामापुरतंच बोलायची.

मुलानं तक्रार केली. कचेऱ्यांच्या पायऱ्या चढता चढता अर्ज योग्य टेबलावर पोचायला तीन आठवडे लागले, आणि बोळातल्या कॅमेऱ्यांचं चित्रण पंधरा दिवसांनी पुसलं जायचं. ताईला कुणी विचारायला गेलं नाही. उरले दोन शब्द, साहेबांचा आणि प्रवाशाचा. आणि तिसरी ती पावती.

चौकशीला बसलेल्या बाई पन्नाशीच्या, कोरड्या चेहऱ्याच्या होत्या. टेबलाच्या एका बाजूला पाच नंबरचे साहेब, दुसऱ्या बाजूला तो मुलगा. साहेबांचं म्हणणं असं की मुलाच्या कागदांबद्दल शंका होती, थोडी विचारपूस झाली, दार उघडंच होतं आणि आई सगळा वेळ मुलाजवळ होती. खुर्चीवाल्याचीच तशी नोंद आहे.

बाईंनी पावती सावकाशपुढे सरकवली. “अक्षर तुमचं?”

“हो.”

“प्रवाशाची सही तुमच्यासमोर झाली?”

“हो.”

“अकरा चाळीसला तुम्ही त्यांना मुलाच्या ताब्यात दिलं?”

नव्या पासावर आठ दिवसांपूर्वीच सही झाली होती. तो पास त्याच्या गळ्यात होता. “हो,” तो म्हणाला.

मुलानं त्याच्याकडे पाहिलं. आता हा अंगावर येणार, असं सावकाशला वाटलं. आला असता तर बरं झालं असतं. मुलगा बाईंकडे वळून म्हणाला, “मॅडम, तक्रारीत मी या माणसाबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही. आईनं लिहू दिलं नाही. ती म्हणाली, तो चांगला होता, त्याला कुणीतरी दुसरीकडे अडकवलं असणार.” मग त्यानं आपले कागद गोळा केले.

तक्रारीत तथ्य नाही, असा निकाल लागला. साहेबांनी दुसऱ्या दिवशी सावकाशच्या पाठीवर थाप मारली आणि कॅन्टीनमध्ये त्याला चहा पाजला. “खाल्ल्या मिठाला जागलास,” ते सगळ्यांदेखत म्हणाले. तो चहा त्यानं शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. त्या चहाबद्दलही पुढे तो स्वतःला क्षमा करू शकला नाही.

दिवस गेले. बाहेरून पाहिलं तर काही बदललं नव्हतं. त्यानं खुर्च्या ढकलल्या, पट्ट्या वर-खाली केल्या. फक्त ‘सावकाश, सावकाश’ म्हणायचं त्यानं सोडून दिलं. इतरांनी दोन-चार दिवस थट्टा केली आणि मग तेही विसरले. स्वच्छतागृहाचं मात्र आता तो प्रत्येकाला विचारायचा, पुन्हापुन्हा विचारायचा. एक आजोबा वैतागून म्हणाले, “अरे बाबा, मला नाही जायचं, तुला जायचं असेल तर जाऊन ये.”

घरी त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. बायको एका दुकानात कपड्यांची दुरुस्ती करायची, चेन बदलणं, अल्टर करणं. दिवसभर लोकांचे उसवलेले कपडे पाहून तिची नजर तयार झाली होती. एकदोनदा तिनं विचारलं, “अहो, काय झालंय तुम्हाला?” तो म्हणाला, “कंबर.” कंबर हे त्याचं आठ वर्षांचं उत्तर होतं, ते कुठेही चालायचं.

सात महिन्यांनी एका दुपारी कंपनीच्या टेबलापाशी एक बाई आली. कडेवर तान्हं बाळ. मुकादमाला म्हणाली, “मला एका पावतीची नक्कल हवी आहे. माझ्या आईची.” तिनं तारीख सांगितली तेव्हा सावकाश चार हातांवर खुर्चीच्या चाकात हवा भरत होता. त्याचा हात थांबला.

मुकादम म्हणाला, नक्कल मिळत नाही. बाई म्हणाली, “भावाच्या नावापुढे खोटी तक्रार केल्याचा शेरा मारलाय. आता त्याला व्हिसा नाकारला आणि त्याच्याबरोबर येणारी म्हणून आईलाही. अपील करायचं तर सगळे कागद जोडावे लागतात. आई तीन महिने राहून गेली, तेव्हा हा महिन्याचा होता. तिला याला परत बघायचंय. ती काय अजून दहा वर्षं थांबणार आहे?” ती रडत नव्हती, नुसती सांगत होती. बऱ्याच टेबलांवर सांगून सांगून तिचं ते पाठ झालं होतं.

मुकादमानं हात वर केले. ती गेली. सावकाश तिच्या मागून बसच्या थांब्यापर्यंत चालत गेला. ती बसमध्ये चढली, बस गेली. तो हवेचा पंप हातात घेऊन तिथेच उभा राहिला.

त्या संध्याकाळी त्यानं बायकोला सगळं सांगितलं. पावती, सही, बोळ, जिना, चौकशी, चहा. मुलगी दाराशी वही घेऊन उभी होती. तिला आत पाठवावं, असं दोघांनाही सुचलं नाही. बायकोनं मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. त्याचं संपल्यावर म्हणाली, “निघताना त्यांना पाणी तरी दिलंत का?”

“नाही.”

तिनं मुलीच्या हातातल्या वहीकडे पाहिलं. मग म्हणाली, “लिहून द्या.”

“पास जाईल.”

“जाईल.”

“नोकरी जाईल.”

“मला कळतं ते. माझं दुकान चालू आहे. लिहून द्या.” मग ती वेगळ्याच आवाजात म्हणाली, “सात महिने शेजारी बसून जेवत होतात, आणि मी कंबरेला तेल चोळत होते.”

मुलीनं वहीतली पानं फाडून दिली. तीन पानं झाली. जिन्याचं लिहायची तशी गरज नव्हती, पण तेही त्यानं लिहिलं.

कचेरीतला कारकून म्हणाला, फाईल बंद झालीय. दुसऱ्या दिवशी म्हणाला, तीन प्रती आणा. चौथ्या दिवशी तो थेट चौकशीवाल्या बाईंच्या दारात जाऊन उभा राहिला. बाईंनी तिन्ही पानं दोनदा वाचली.

“तेव्हा माझ्यासमोर तुम्ही खोटं बोललात, हे तुम्ही स्वतःच्या हातानं लिहून देताय. परिणाम माहीत आहेत?”

“हो.”

“कुणी पैसे दिले? दबाव आणला?”

“नाही. तेव्हाही फार दबाव नव्हता, बाई. पासाचं नुसतं विचारलं होतं त्यांनी.”

बाईंनी चष्मा काढला. “मला त्याच दिवशी शंका आली होती,” त्या म्हणाल्या. “चष्मा मुलाकडच्या पर्समध्ये होता, हे तक्रारीतच होतं. म्हातारी बाई मुलाजवळ होती, तर तिनं आपला चष्मा का नाही मागितला? सही बिनचष्म्याची होती, कुणालाही दिसली असती. पण माझ्यापुढे पावती होती, आणि जेवायची वेळ झाली होती.” त्यांनी कागदावर शिक्का मारला.

पुढे जे झालं ते अर्धंमुर्धं झालं. दोन महिन्यांनी मुलाच्या नावापुढचा शेरा निघाला. पाच नंबरच्या साहेबांना लेखी समज मिळाली आणि मालाच्या विभागात बदली. तिथे माणसं येत नाहीत, खोकी येतात. सावकाशचा पास त्याच आठवड्यात रद्द झाला. मुकादमानं त्याला दारापर्यंत सोडलं आणि म्हणाला, “हात दाखवून अवलक्षण केलंस. तुझं नाव तर कुणी घेतलंही नव्हतं.” ताई पोचवायला आली नाही.

एका इस्पितळात त्याला काम मिळालं. स्ट्रेचर ढकलायची जागा मोकळी होती, अनुभव बघून तीच देत होते. त्यानं धुलाईखाना मागितला. चादरींना कुणी ‘आलोच’ म्हणत नाही.

पुढच्या वर्षी आजी आल्या. लेकीनं सावकाशचा पत्ता अपिलाच्या कागदांतून काढला होता. तिनं फोन केला आणि म्हणाली, आईला भेटायचंय. आवाजात गोडवा नव्हता, कडवटपणाही नव्हता. तो एका दुपारी गेला. तिसरा मजला, लिफ्ट नाही.

आजी खिडकीपाशी बसल्या होत्या, मांडीवर नातू. कानात यंत्र होतं, पण त्याचा फारसा उपयोग होत नव्हता.

“तो तूच ना, खुर्चीवाला?” त्यांचा चेहरा उजळला. “तुला काय झालं होतं रे त्या दिवशी? मी मुलाला सारखी म्हणत होते, बघ जरा, तो पोरगा येतो म्हणाला होता, त्याला कुठे लागलं-बिगलं तर नसेल ना.”

कागदावर लिहिणं सोपं गेलं होतं. “आजी, मी पावतीवर खोटं लिहिलं,” तो म्हणाला.

“काय?”

“खोटं लिहिलं.”

“मोठ्यानं बोल.”

“मी खोटं लिहिलं!” तो ओरडला. समोरच्या घराचं दार किंचित उघडलं. “तुम्हाला मुलाच्या ताब्यात दिलं, असं लिहिलं! आणि तुमची सही घेतली!”

“ते लेकीनं सांगितलं मला,” आजी म्हणाल्या. “साहेबाला घाबरला असशील. ते जाऊ दे. मग तू विसरलास का?”

इथे तो हो म्हणू शकला असता. लेक चहा घेऊन दारात उभी होती.

“विसरलो नाही. मागच्या जिन्यानं गेलो. तुम्ही दिसू नये म्हणून.”

आजींना हे ऐकू आलं नाही. त्याला पुन्हा ओरडून सांगावं लागलं, आणि अर्धं वाक्य कळलं म्हणून तिसऱ्यांदा. बाळ रडायला लागलं, लेकीनं त्याला उचललं.

आजींनी रिकाम्या मांडीवरची साडी सारखी केली. “म्हणजे मी तिथे आहे, हे तुला ठाऊक होतं.”

“हो.”

“हे मला सांगायला नको होतंस,” त्या म्हणाल्या. प्रथमच त्यांचा आवाज बारीक झाला होता. “तू विसरलास असं समजून मी होते ती बरी होते. विसरतात माणसं.” मग त्या म्हणाल्या, “चहा निवतोय.”

तो प्यायला, उठला. घरी बायकोनं विचारलं, “काय म्हणाल्या?”

“रागावल्या.”

“मग बरोबर आहे,” ती म्हणाली.

चार दिवसांनी लेकीचा फोन आला. आजींना दर मंगळवारी गुडघ्यांच्या व्यायामासाठी दवाखान्यात न्यायचं होतं. तीन मजले उतरवायचं कसं? शेजारचा एक जण धरायचा, तर त्याच्या हातून त्या दोनदा निसटल्या होत्या. “आई म्हणते, त्यालाच बोलवा, त्याला धरता येतं.”

धुलाईखान्यातली पाळी बदलून घेऊन तो सात मंगळवार गेला. एका हाताचा आधार त्यांच्या काखेखाली, स्वतः एक पायरी खाली, तोंड त्यांच्याकडे करून. आजी त्याच्याशी बोलायच्या नाहीत. ‘थांब’ आणि ‘चल’, एवढंच. पहिल्या दिवशी त्या कठड्यालाच धरून होत्या. तिसऱ्या-चौथ्या मंगळवारी, कठडा तुटलेल्या वळणावर, त्यांनी त्याच्या खांद्याला धरलं आणि वळण संपताच हात काढून घेतला. गल्लीच्या तोंडाशी रिक्षा यायची, तिच्यात त्यांना लेकीबरोबर बसवून तो परत फिरायचा; वर चढताना लेकीचा हात पुरायचा.

त्या परत गेल्या तो दिवस शनिवार होता. सावकाशला सुट्टी मिळाली नाही. विमानतळावर त्याला आत सोडलंही नसतं. दुपारी लेकीचा फोन आला. मशीनचा आवाज असल्यामुळे तो चादरींच्या ढिगाआड गेला. भाऊ न्यायला आला होता, दोघं आत गेली, काउंटरवर दोन मिनिटं लागली, कुणी काही विचारलं नाही, असं तिनं सांगितलं.

“बरं झालं,” तो म्हणाला.

आजींनी माझ्यासाठी काही निरोप ठेवलाय का, असं त्यानं विचारलं नाही. तिनंही काही सांगितलं नाही. बाळाला झोप आलीय म्हणाली आणि फोन ठेवला.